टाळ कानातच राहायला हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुसेगाव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातलं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव येतं. मी ज्या पुसेगावाबद्दल बोलणार आहे ते हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे आमच्या भागात भजन कुणी मुद्दाम शिकवत नाही. लहानपणी आपण देवळात टाळकऱ्यांच्या मागे बसतो आणि केव्हातरी आपल्याही हातात टाळ येतो.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते भजनी मंडळात चाळीस वर्षं गात होते. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण घरात नव्हतं. २०१९ च्या दिवाळीत मी मनावर घेतलं. एक माइक आणला, तो लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस आणला आणि शहरातल्या एका मित्राचे भारी हेडफोन मागून आणले. आधी पेटी, पखवाज आणि टाळ वाजवून घेतले. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, कालची साथ त्यांना ऐकवली आणि त्यांचा आवाज वेगळा मुद्रित केला. सात अभंग झाले. तात्यांना थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी साथीचा आवाज बराच वाढवायला लावला होता. मीही आनंदानं वाढवला.

महिन्याभरानं ऐकायला बसलो तेव्हा एका अभंगात पखवाज दोनदा अडखळल्याचं लक्षात आलं. त्यात काय मोठंसं, साथ पुन्हा वाजवून घेऊ, असं म्हणून आम्ही ती पुन्हा वाजवली. नवी साथ तात्यांच्या आवाजाखाली बसवली आणि धक्का बसला. एकाच वेळी दोन टाळ वाजत होते. एक नवा, आणि एक जुना, जो तात्यांच्या आवाजातच मिसळलेला होता. त्यांच्या कानांवरच्या हेडफोनमधून टाळ बाहेर पडत होता आणि समोरचा माइक तो इमानेइतबारे टिपत होता. मित्राचे हेडफोन उत्तम होते, महागही होते. पण ते उघड्या पाठीचे होते आणि या कामासाठी नव्हते. दोष हेडफोनचा नव्हता, मित्राचाही नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती. पुन्हा गाऊन घेऊ म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. २०२१ मध्ये तात्या गेले. ते सात अभंग आजही माझ्याकडे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे तो जुना टाळ किणकिणतो आहे.

आज खेडोपाडी घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणारी मंडळी खूप झाली आहेत. कुणी भजनं मुद्रित करतं, कुणी लोकगीतं, कुणी मोबाइलवर ऐकण्यासाठी गोष्टी वाचतं. माइक कोणता घ्यावा यावर सगळे बोलतात. हेडफोन मात्र घरात असतील ते चालवले जातात. म्हणून आज बंद पाठीचे, म्हणजे ज्यांना क्लोज्ड-बॅक म्हणतात ते स्टुडिओ हेडफोन कसे निवडावेत, याबद्दल थोडं बोलतो.

आधी हे समजून घेऊ की ही गरज आली कुठून. पूर्वी गायक आणि वादक एकाच खोलीत बसायचे, एकमेकांकडे पाहत गायचे-वाजवायचे आणि सगळं एकदमच मुद्रित व्हायचं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' सुरू झालं, त्या काळातली ही रीत. गायकाला साथ ऐकू यावी म्हणून कानांवर काही चढवायचं कारण नव्हतं, कारण साथ शेजारीच बसलेली असे. पुढे एकेक वाद्य आणि आवाज वेगवेगळा मुद्रित करून मागाहून एकत्र करण्याची सोय आली. त्यात फायदा मोठा आहे. एकाची चूक झाली तर सगळ्यांना पुन्हा बसावं लागत नाही. पण गायक आता एकटा पडतो आणि त्याची सगळी साथसंगत कानांवरच्या दोन वाट्यांत येते. आणि ती त्या वाट्यांतच राहिली तर या पद्धतीचा फायदा, नाहीतर आमच्यासारखी गत.

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक छोटा स्पीकर असतो. त्याचा पातळ पडदा पुढे-मागे हलतो. पुढे हलला की कानाकडे आवाज जातो. पण मागे हलला की पाठीमागेही तेवढाच आवाज तयार होतो. या मागच्या आवाजाचं काय करायचं, यावर हेडफोनचे दोन प्रकार पडतात. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये वाटी मागून पूर्ण झाकलेली असते आणि मागचा आवाज आतच अडकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये मागे जाळी असते आणि तो आवाज मोकळेपणानं बाहेर जातो. गंमत म्हणजे जुने हेडफोन बंदच असत. अमेरिकेतल्या नॅथॅनिएल बाल्डविननं १९१० च्या सुमारास आरमारासाठी हेडफोन बनवले. बर्लिनच्या बायर कंपनीचा डीटी ४८ हा १९३७ मध्ये आला. उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात गाजला तो मात्र १९६८ मध्ये, झेनहायझर कंपनीचा एचडी ४१४. तो हलका होता, त्यातून गाणं मोकळं ऐकू यायचं आणि लोकांना तो फार आवडला.

उघडे हेडफोन वाईट नाहीत. निवांत बसून गाणं ऐकायला, शेवटी सगळे आवाज जुळवायला ते अनेकांना बंद हेडफोनपेक्षा बरे वाटतात. त्यांतून आवाज समोरून, खोलीतून आल्यासारखा वाटतो. बंद वाटीत अडकलेला आवाज आतल्या आत आपटतो, त्यामुळे काही सूर उगाच फुगतात. पण समोर माइक उघडा असेल तेव्हा उघड्या हेडफोनला तिथे जागा नाही. साधा नियम असा की मुद्रण करताना बंद, जुळवताना जमलं तर उघडे, आणि एकच घेणं परवडत असेल तर बंद.

बंद हेडफोन दोन दिशांनी काम करतो. आतला आवाज बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा आत येऊ देत नाही. दुसऱ्या कामाच्या मर्यादा ओळखायला हव्यात. वाटी आणि गादी यांनी टाळ, शिट्टी, पाखरांचा किलबिलाट असे बारीक, उंच आवाज चांगले अडतात. ट्रॅक्टरची घरघर किंवा पिठाच्या गिरणीचा घुमारा यांसारखे जाड आवाज मात्र बरेचसे आत येतात. कंपन्या आपल्या पत्रकावर किती डेसिबल अडवतो ते लिहितात. झेनहायझरच्या एचडी २८० प्रोसाठी कंपनी ३२ डेसिबलपर्यंतचा आकडा देते. हा आकडा जास्तीत जास्तचा असतो. सगळ्या सुरांना तेवढाच अटकाव होतो असं नाही.

आणि हा सगळा अटकाव एका गोष्टीवर अवलंबून असतो, ती म्हणजे गादी कानाभोवती नीट टेकते की नाही. चष्म्याची काडी, टोपीची कड, जाड वेणी, कानातले डूल यांपैकी काहीही मधे आलं की फट पडते. फट पडली की दोन गोष्टी होतात. आवाज बाहेर गळतो आणि आतला खर्ज नाहीसा होतो. मग माणूस म्हणतो, हेडफोनला दम नाही, पखवाजाची धूम ऐकूच येत नाही. आवाज वाढवतो आणि गळती आणखी वाढते. दुकानात हेडफोन घालून पाहाल तेव्हा रोजच्या चष्म्यासकट घाला. पखवाज किंवा तबल्याचा डग्गा असलेलं ओळखीचं गाणं लावा आणि दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर समजा, तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही. दुसरा पाहा. सोबत कुणी असेल तर त्याला तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कान आणायला सांगा. माइक साधारण तिथेच असतो. त्याला गाणं ओळखता आलं, तर माइकलाही येणार.

आता पत्रकावरचे आकडे. पहिला आकडा असतो तो अमुक हर्ट्झपासून तमुक हर्ट्झपर्यंतचा. माणसाच्या कानाला साधारण वीस ते वीस हजार हर्ट्झ ऐकू येतं, वय वाढतं तशी वरची हद्द खाली येते. पाच ते पस्तीस हजार असं लिहिलेला हेडफोन वीस हजारवाल्यापेक्षा सरस असतोच असं नाही. या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका.

दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे रोधाचा. याकडे लक्ष द्या. सोपं करून सांगायचं तर ओहम जास्त असेल तर तेवढाच आवाज काढायला विजेचा दाब जास्त लागतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा तीन रोधांत मिळत आला आहे. २५० वाला लहानशा इंटरफेसला किंवा मोबाइलला जोडला तर आवाज क्षीण येतो आणि घेणारा फसल्यासारखा होतो. घरच्या कामाला ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा घ्यावा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला हेडफोन ६३ ओहमचा आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ चा आणि त्याच कंपनीचा स्वस्तातला एम२०एक्स ४७ चा. हे सगळे छोट्या इंटरफेसवर व्यवस्थित चालतात. जगभरच्या स्टुडिओंत आणि नभोवाणी केंद्रांत यांतले काही तुम्हाला दिसतील. पण ते तिथे दिसतात म्हणून तेच घ्यायला हवेत असं नाही.

वायरलेस हेडफोन घेऊ का, असं तरुण मुलं हमखास विचारतात. मुद्रणासाठी घेऊ नका. ब्लूटूथमधून आवाज पोचायला उशीर होतो, बरेचदा सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग. हा उशीर किती? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात सुमारे सत्तर मीटर. पखवाजी शेताच्या त्या बांधावर बसलाय आणि तुम्ही या बांधावर गाताय, असं समजा. ताल जुळेल कसा? म्हणून वायरचाच घ्यावा. वायर असूनही स्वतःचा आवाज मागाहून कानात येत असेल, तर तो उशीर लॅपटॉपचा असतो. बहुतेक इंटरफेसवर माइकचा आवाज थेट हेडफोनकडे पाठवणारं बटण किंवा खुंटी असते, ती वापरावी.

मात्र वायर कशी आहे ते जरूर पाहा. गावाकडे हेडफोन बिघडतो तो बहुतेक वेळा वायरीपाशी. पाय अडकतो, खुर्चीखाली चिरडते. एम५०एक्सची वायर निखळणारी आहे, बिघडली तर दुसरी लावता येते. एमडीआर-७५०६ ची पीळदार आणि कायमची जोडलेली आहे, ती बदलायला झाळकाम येणारा माणूस शोधावा लागतो. तीच गोष्ट गाद्यांची. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो आणि मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा लागतो. रेक्झिनसारख्या गाद्यांखाली घामाच्या धारा लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे पापुद्रे निघून गायकाच्या कानाला चिकटतात. डीटी ७७० प्रोच्या गाद्या मखमली कापडाच्या आहेत, त्या उन्हाळ्यात सुसह्य होतात. कोणताही हेडफोन घ्या, त्याच्या सुट्या गाद्या मिळतात का, हे आधी विचारा. आणि गाजलेल्या हेडफोनच्या हुबेहूब नकला बाजारात असतात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेलं बरं.

वजनही महत्त्वाचं आहे. हे हेडफोन दोनशे ते तीनशे ग्रॅमचे असतात. दुकानात दोन मिनिटांत ते जाणवत नाही. घट्ट पकडीचा हेडफोन आवाज चांगला अडवतो, पण अर्ध्या तासानं कानशिलं दुखवतो. म्हातारा गायक असेल तर तो तक्रार करणार नाही, फक्त गाणं लवकर आटपेल. दुकानात किमान पंधरा मिनिटं घालून बसा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

आता बंद हेडफोनचा एक खरा त्रास सांगतो. मागच्या वर्षी मंडळातल्या एका वयस्कर गायकाला मी नवा बंद हेडफोन घातला. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. म्हणाले, "आरं, हे तं आडात तोंड घालून गायल्यावाणी वाटायलंय." त्यांचं अगदी बरोबर होतं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून तसाच हाडांतूनही कानात पोचतो. कान झाकले की हाडांतून आलेला जाड भाग आतच कोंडतो आणि स्वतःचा आवाज घुमायला लागतो. कानांत बोटं घालून ओंकार लावून पाहा, लगेच कळेल. सवय नसलेल्या गायकाचा सूर यामुळे हलतो.

यावर उपाय आहेत. पहिला उपाय, गायकाचा स्वतःचा आवाज माइकमधून त्याच्या कानात थोडा सोडायचा. तो किती सोडायचा हे महत्त्वाचं. स्वतःचा आवाज कानात फार मोठा आला तर माणूस नकळत दबून गातो, आणि साथीखाली बुडाला तर ओरडून गातो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो हे एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. दुसरा उपाय जुन्या गवयांचा, एक कान मोकळा ठेवायचा. पण मोकळी सोडलेली वाटी लटकत राहिली की तिच्यातून टाळ बाहेर सांडतो. ती कानामागे डोक्याला टेकवून ठेवा, किंवा साथ फक्त झाकलेल्या कानाकडे वळवा. हे लॅपटॉपवर आणि पुष्कळ इंटरफेसवर करता येतं. आणि गायकाच्या कानात साथ देताना टाळ कमी, पेटीचा सूर आणि पखवाज पुरेसा, असं ठेवावं. गळायला सगळ्यांत उतावळा टाळच असतो.

तात्यांसारखं ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी आवाज वाढवताना सावध राहा. त्यात टाळ गळतो हा एक धोका. दुसरा धोका कानांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, कारण तीन डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम पाच तास उरतात. बंद हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट कमी येतो, त्यामुळे कमी आवाजात काम भागू शकतं. ही त्याची मोठी मेहेरबानी आहे, ती वाया घालवू नये. वीस-पंचवीस मिनिटं झाली की हेडफोन काढून चहा घ्यावा.

खोलीचाही दोन शब्दांत उल्लेख करतो. आमच्या घरात सगळ्यांत चांगला आवाज येतो तो कापूस वेचून घरात भरलेला असतो तेव्हा. भिंतींना लागून कापूस असला की आवाज घुमत नाही. इतर वेळी गोधड्या टांगाव्यात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, बऱ्याचदा गुणगुण तिथेच थांबते. आणि मुद्रण सुरू करण्याआधी एक चाचणी न चुकता घ्यावी. गायकाच्या डोक्यावर हेडफोन, कानात साथ सुरू, माइक चालू आणि गायक गप्प. एक मिनिट नुसतं मुद्रण करा. मग तेवढंच पूर्ण आवाजात ऐका. त्या मिनिटात टाळ ऐकू आला, तर आवाज कमी करा, गादी नीट बसवा, हवं तर हेडफोन बदला. २०१९ मध्ये मी हे एक मिनिट दिलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

शेवटी जुळवाजुळव झाल्यावर केवळ हेडफोनवर विसंबू नका. तेच मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐका, जीपमध्ये ऐका, शेजारच्या काकूंच्या घरातल्या साध्या स्पीकरवर ऐका. आपलं ऐकणारे तिथेच आहेत.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या आणि त्यांतल्या काहींची ध्वनिमुद्रणं २०१७ पासून पारी या संस्थेच्या संकेतस्थळावर येऊ लागली. गाणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणी आता नाहीत, आवाज मात्र आहेत. तुमच्याही घरात असा एखादा आवाज असेल. महागडा माइक येईपर्यंत थांबू नका, पण कानांवर काय चढवताय तेवढं आधी पाहा.

तात्यांच्या सात अभंगांपैकी ज्याची साथ आम्ही बदलली होती, त्याची जुनी साथ मी परत लावली आहे. पखवाज दोनदा अडखळतो तसाच ठेवला आहे. दोन टाळ वाजण्यापेक्षा ते बरं वाटतं, आणि तात्या तिथे न थांबता पुढे गातात.